राण्यांच्या नावाने वाद्यांची गोष्ट

२३ जानेवारी १९७३ रोजी इंग्लंडमध्ये 'द सिक्स वाइव्ह्ज ऑफ हेन्री द एट्थ' हा अल्बम बाजारात आला. हेन्री आठव्याच्या सहा राण्यांवरच्या सहा रचना, मिळून जेमतेम सदतीस मिनिटं. कोणत्याही रचनेत कथा सांगणारं गाणं नाही, निवेदन नाही, संवाद नाहीत. वादक आणि निर्माता रिक वेकमन तेव्हा तेवीस वर्षांचा होता. वेष्टनावर त्याने एक लहानसं निवेदन छापलं होतं. त्याचा आशय असा: या राण्यांच्या स्वभावाचा मला उमगलेला सांगीतिक अर्थ इथे आहे. शैली प्रत्येकीच्या इतिहासाशी जुळेलच असं नाही. की-बोर्ड वाद्यांच्या संदर्भात मी केलेली ही त्यांची कल्पना आहे.

या निवेदनातला शेवटचा भाग बहुतेकांनी वाचून सोडून दिला. चाहत्यांनी रचनांमध्ये शिरच्छेद, घटस्फोट आणि बाळंतपणं शोधली. टीकाकारांनी ती सापडत नाहीत म्हणून नाकं मुरडली. माझ्या मते दोघांचाही पत्ता चुकला. या अल्बममधली खरी पात्रं राण्या नसून वाद्यं आहेत: मिनीमूग, मेलोट्रॉन, हॅमंड ऑर्गन, हार्प्सिकॉर्ड, नऊ फुटी स्टाइनवे पियानो आणि लंडनमधल्या एका जुन्या चर्चचा ऑर्गन. राण्यांची नावं त्यांना अंगरख्यासारखी चढवली आहेत. पुढच्या पानांत एकेका रचनेची सविस्तर ओळख येईल. तिथे जाण्यापूर्वी हा अल्बम कुठून आला, तो कशाने बनला आणि तो ऐकताना कान कुठे ठेवावा, एवढं सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

वेकमनचा जन्म १८ मे १९४९ चा, पश्चिम लंडनमधल्या पेरिव्हेलचा. तो रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकायला गेला आणि शिक्षण अर्धवट टाकून बाहेर पडला, कारण स्टुडिओत रोजंदारीवर वाजवण्याचं काम भरपूर मिळत होतं. डेव्हिड बोवीच्या 'स्पेस ऑडिटी'मधला मेलोट्रॉन त्याचा आहे, 'लाइफ ऑन मार्स?'चा पियानोही त्याचाच. कॅट स्टीव्हन्सच्या 'मॉर्निंग हॅज ब्रोकन'मधला पियानो ज्यांनी ऐकला आहे, त्यांनी वेकमनला नाव माहीत नसतानाच ऐकलं आहे. स्टुडिओत रोज दुसऱ्याच्या गाण्यासाठी, दुसऱ्याने ठरवलेल्या वेळात वाजवण्याची ही तालीम त्याला पुढे फार उपयोगी पडली. मग 'स्ट्रॉब्स' हा गट आणि १९७१ च्या ऑगस्टमध्ये 'येस'.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय हे एका परिच्छेदात सांगणं अवघड, पण कामापुरतं सांगतो. साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटू लागलं. त्यांनी रॉकच्या ढोल-गिटारीला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची लांबलचक मांडणी, जॅझमधली उत्स्फूर्तता आणि विषम मात्रांचे ताल जोडले. एलपीच्या एका बाजूवर विसेक मिनिटं मावतात, तर ती अख्खी बाजू एकाच रचनेला द्यायला ते कचरेनात. 'येस'च्या 'क्लोज टू द एज'ने १९७२ मध्ये नेमकं हेच केलं. या प्रकारात की-बोर्डवाल्याचं महत्त्व एकदम वाढलं, कारण शास्त्रीय शिक्षण बहुधा त्याच्याकडेच असे आणि नवी विजेची वाद्यंही त्याच्याच ताब्यात असत. की-बोर्डवादक कीथ इमर्सनने ही वाट आधीच रुंद केली होती. वेकमन त्या वाटेवरून चकाकणारा पायघोळ झगा घालून आला.

अल्बमचं बीज मात्र एका करारातल्या अडचणीत आहे. 'येस'च्या 'फ्रॅजाइल' या १९७१ च्या अल्बमवर पाचही सदस्यांना एकेक स्वतंत्र तुकडा मिळणार होता. वेकमनने आपली रचना तयार केली होती. तिचं नाव 'हँडल विथ केअर', म्हणजे अल्बमच्या नावाशी केलेली थट्टाच. पण त्याचा स्वतंत्र करार 'ए अँड एम' कंपनीशी होता आणि 'येस' दुसऱ्या कंपनीत. स्वतःची रचना तिथे देता येईना. शेवटी त्याने ब्राम्सच्या चौथ्या सिंफनीतला एक भाग की-बोर्ड वाद्यांवर वाजवून दिला. हा तुकडा त्याला स्वतःलाही कधी आवडला नाही आणि यात मी त्याच्या बाजूचा आहे. बाजूला राहिलेली ती रचना पुढे 'कॅथरीन ऑफ ॲरागॉन' झाली. म्हणजे राणीचं नाव मिळण्याआधीच सूर तयार होते! ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अल्बममध्ये चरित्र शोधण्याचा मोह बराच कमी होईल.

नावं आली ती प्रवासात. 'येस'च्या अमेरिका दौऱ्यात वेकमनने विमानतळावर वेळ घालवण्यासाठी नॅन्सी ब्रायसन मॉरिसन यांचं हेन्री आठव्याच्या खासगी आयुष्यावरचं पुस्तक घेतलं. ॲन बोलिनविषयी वाचत असताना आपण आधी रचलेली एक चाल डोक्यात वाजू लागली, असं त्याने सांगितलं आहे. मग त्याने सहाही जणींना धुना वाटल्या. इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांना या सहा जणींची दैवं एका यमकात पाठ असतात, त्यामुळे तिथल्या ऐकणाऱ्याला नावापलीकडे काही सांगावं लागत नाही. मराठी वाचकासाठी थोडक्यात सांगतो. १५०९ मध्ये लग्न झालेली ॲरागॉनची कॅथरीन चोवीस वर्षांनी टाकली गेली. ॲन बोलिनचा १९ मे १५३६ रोजी शिरच्छेद झाला. पुढच्या अकरा दिवसांत राजाने जेन सिमोरशी लग्न केलं. ती १५३७ मध्ये मुलाला जन्म देऊन काही दिवसांतच वारली. क्लीव्ह्जच्या ॲनशी १५४० मध्ये झालेलं लग्न सहा महिन्यांत रद्द झालं. कॅथरीन हॉवर्डचं डोकं १५४२ मध्ये उडवलं गेलं आणि कॅथरीन पार राजाच्या मृत्यूनंतरही जगली. अल्बममध्ये हा क्रम पाळलेला नाही. क्लीव्ह्जची ॲन दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि बोलिन पाचव्या. कोणती रचना कुठे शोभते एवढंच पाहिलेलं दिसतं.

आता वाद्यं. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गंमत इथेच आहे.

मिनीमूग हा १९७० मध्ये आलेला सिंथेसायझर. त्याआधीचे मूग सिंथेसायझर भिंतीएवढे असत आणि वायरींच्या जंजाळातून आवाज काढावा लागे. मिनीमूग टेबलावर मावे. त्यातून एका वेळी एकच सूर निघतो, कितीही पट्ट्या दाबल्या तरी. 'ऑलिव्हर!' चित्रपटातला बालनट जॅक वाइल्ड याने एक मिनीमूग घेतला, एकच सूर वाजतो म्हणजे यंत्र बिघडलंय असं समजून तो स्वस्तात विकायला काढला आणि वेकमनने तो उचलला, असा किस्सा वेकमन रंगवून सांगतो. तो किस्सेबहाद्दर आहे, त्यामुळे तपशील थोडे सैल धरावेत. पण या एकसुरी यंत्राच्या डाव्या हाताला एक चाक असतं. ते फिरवलं की सूर घसरत वर-खाली जातो. आपल्याकडे पेटीवर ती आल्यापासून एकच आक्षेप आहे: तिच्यावर मींड निघत नाही, पट्टी दाबली की सूर जागीच ठरतो. पियानो आणि ऑर्गनचीही तीच अडचण. पट्टीवाल्या वाद्याला मिनीमूगने मींड दिली. वेकमनचा डावा हात त्या चाकावर कसा चालतो हे ऐकायचं, तर 'ॲन ऑफ क्लीव्ह्ज' लावावं.

मेलोट्रॉन याच्या अगदी उलट स्वभावाचा. त्यात विजेने सूर तयार होत नाही. पस्तीस पट्ट्यांपैकी प्रत्येकीखाली चुंबकीय टेपचा एक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या व्हायोलिनचा, बासरीचा किंवा कोरसचा एक सूर ध्वनिमुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की टेप फिरते, साधारण आठ सेकंदांत संपते, सोडली की स्प्रिंगने मागे येते. म्हणजे आठ सेकंदांपेक्षा लांब सूर धरताच येत नाही. वादकाला सुरांची मांडणी करताना बोटं सतत बदलत राहावी लागतात. शिवाय टेपचा वेग किंचित डळमळतो, म्हणून त्या व्हायोलिनांना एक दमट, जुनाट थरथर येते. ती खऱ्या व्हायोलिनांत नाही आणि आजच्या डिजिटल नमुन्यांवर (सॅम्पल) चालणाऱ्या स्वच्छ यंत्रांतही नाही. वेकमनने दोन मेलोट्रॉन वापरले. ही यंत्रं दौऱ्यावर हमखास दगा देत, पण स्टुडिओत त्यांच्याकडून काय काढता येतं हे तो बोवीच्या वेळेपासून जाणत होता.

याशिवाय हॅमंड सी-३ ऑर्गन, आरएमआयचा विजेचा पियानो, एआरपी सिंथेसायझर, टॉमस गॉफ यांनी घडवलेला हार्प्सिकॉर्ड आणि हातभर उंचीचा पोर्टेटिव्ह ऑर्गन. वेष्टनावर या वाद्यांची यादी वादकांच्या यादीइतक्याच मानाने दिली आहे. चारशे वर्षांच्या अंतराने जन्मलेली वाद्यं एका माणसाच्या दोन हातांखाली आली, हेच या अल्बमचं कथानक. आणि हेन्रीचं नाव इथे अगदीच उपरं नाही. तो स्वतः की-बोर्ड वाजवायचा. त्याच्या नावावर तीसहून अधिक रचना हस्तलिखितात आहेत, आणि त्याच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत व्हर्जिनल आणि ऑर्गन यांची रांगच लागलेली दिसते. सहा राण्यांचा नवरा वाद्यं जमवण्यात वेकमनपेक्षा मागे नव्हता.

ध्वनिमुद्रण १९७२ मध्ये फेब्रुवारी ते ऑक्टोबर असं तुकड्यातुकड्यांनी, 'येस'च्या कामातून सवड मिळेल तसं, लंडनच्या मॉर्गन आणि ट्रायडेंट स्टुडिओत झालं. साथीला कोण होतं यावर एक प्रकरण लिहिता येईल. त्याच वर्षी 'येस'चा ढोलवादक बिल ब्रूफर्ड गट सोडून गेला आणि त्याच्या जागी ॲलन व्हाइट आला. अल्बममध्ये दोघेही आहेत. 'कॅथरीन ऑफ ॲरागॉन' आणि 'ॲन बोलिन'मध्ये ब्रूफर्डचे कोरडे, मोजून मारलेले ठोके आहेत. क्लीव्ह्ज, सिमोर आणि पार यांच्या रचनांत व्हाइटचा भरदार, पुढे रेटणारा हात आहे. 'कॅथरीन हॉवर्ड'साठी 'स्ट्रॉब्स'चे जुने सोबती आले, आणि त्यांच्याबरोबर बँजोही.

'जेन सिमोर' ही माझ्या दृष्टीने अल्बममधली सर्वांत पक्की रचना. वेकमनला इथे खरा चर्च ऑर्गन हवा होता. 'क्लोज टू द एज'साठी त्याने सेंट जाइल्स क्रिपलगेट या चर्चचा ऑर्गन वाजवला होता, तिथेच तो परत गेला. हे चर्च आज बार्बिकनच्या सिमेंटच्या इमारतींनी वेढलेलं आहे. कवी मिल्टन तिथे पुरला आहे, ऑलिव्हर क्रॉमवेलचं लग्न १६२० मध्ये तिथेच झालं आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यानंतर ते पुन्हा उभारावं लागलं. जेन सिमोरचा या जागेशी काही संबंध नाही. ती विंडसरला आहे आणि सहा जणींपैकी हेन्री शेवटी फक्त तिच्याशेजारी पुरला गेला. पण रचना सुरू होते तेव्हा तो संबंध कोणी विचारत नाही. बाखच्या धाटणीची भरभर पळणारी ऑर्गनची वाक्यं, दगडी भिंतींवरून परत येणारा त्यांचा घुमारा, आणि त्यातच मिसळणारा मूगचा चिरका, विजेचा सूर. मूगच्या जागी दुसरा कोणी व्हायोलिन ठेवता. वेकमनने ठेवलं नाही, म्हणून दोन्ही वाद्यं एकमेकांचं वय दाखवतात. एकाचा सूर हवेचा आहे, दुसऱ्याचा विजेचा, आणि पाच मिनिटांत कोणी कोणाला झाकत नाही.

'ॲन बोलिन' लोकांची सर्वांत लाडकी. पियानोची हळवी सुरुवात, मधली जॅझकडे झुकणारी धावपळ, आणि शेवटी 'द डे दाउ गेव्हस्ट' या प्रार्थनागीताची चाल. ॲनच्या वधाच्या वेळी आपण हजर आहोत आणि हेच गीत गायलं जात आहे, असं स्वप्न आपल्याला पडलं होतं असं वेकमनने सांगितलं आहे. आता या गीताचे शब्द १८७० चे आणि चाल १८७४ ची, म्हणजे ॲन जाऊन तीन शतकं उलटल्यावरची. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतली ही संध्याकाळची प्रार्थना ट्यूडर वधस्थानाशी नेऊन ठेवणं हा कालविपर्यास आहे, आणि वेकमनला त्याची फिकीर नाही. मलाही नसावी असं ऐकताना वाटतं. इंग्लंडमध्ये चर्चमध्ये वाढलेल्या माणसाच्या मनात मरणाशी आणि निरोपाशी जी चाल जोडलेली आहे ती त्याने वापरली. त्याचा राजवाडा इतिहासाच्या पुस्तकातला नव्हता, चर्चच्या रविवारच्या शाळेतला होता.

उरलेल्यांविषयी पटकन सांगतो. 'कॅथरीन हॉवर्ड' हा या अल्बमचा सर्वांत सुरेल भाग आहे. तिची मूळ धून एकदा ऐकली की दिवसभर सुटत नाही. मधली बँजोची खोडकर वळणं विशीच्या आतबाहेर मेलेल्या त्या पोरीला शोभतात, हा योगायोग असेल तरी चांगला आहे. 'कॅथरीन पार' हॅमंडच्या वेगावर उभी आहे आणि शेवटची रचना म्हणून टाळ्या घेण्यासाठीच रचली आहे. स्वतःच्या नावाने पुस्तक छापणारी इंग्लंडची ही पहिली राणी, १५४५ मध्ये तिचं प्रार्थनांचं पुस्तक निघालं होतं. तिचा इथे मागमूस नाही. 'ॲन ऑफ क्लीव्ह्ज'वर तर टीका भरपूर झाली. आठ मिनिटं नुसती कसरत, असं म्हणणाऱ्यांना मी पूर्ण चूक म्हणणार नाही. वेकमनचा दोष तिथे दिसतो. बोटं थांबवता येत नाहीत म्हणून ती चालत राहतात. पण ती रचना मोकळी आहे, दंगेखोर आहे, आणि राजाच्या तावडीतून सुटून सहा जणींत सर्वांत शेवटपर्यंत, १५५७ पर्यंत जगलेल्या बाईचं नाव तिला मिळालं, हे मला ठीक वाटतं.

हेन्री स्वतः मात्र अल्बममध्ये नाही. त्याच्यासाठीही एक रचना मनात होती, पण एलपीवर जागा उरली नाही. तो भेटतो तो वेष्टनावर. मादाम तुसाँच्या मेणपुतळ्यांच्या संग्रहालयात हेन्री आणि त्याच्या राण्यांच्या पुतळ्यांजवळ लांब केसांचा वेकमन, असं ते छायाचित्र. मागचा पडदा नीट ओढलेला नव्हता, म्हणून त्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचा पुतळाही डोकावतो. १९७३ चं सर्वांत प्रामाणिक तारीखपत्रक तेच!

अल्बम इंग्लंडमध्ये सातव्या आणि अमेरिकेत तिसाव्या क्रमांकापर्यंत पोचला. शब्दांवाचून इतका खप होणं कंपनीलाही अपेक्षित नव्हतं. वेकमनला मात्र यातून एक कायमची सवय लागली. पुढच्याच वर्षी त्याने ज्यूल व्हर्नचा पाताळप्रवास वाद्यवृंद, कोरस आणि निवेदक घेऊन मंचावर आणला. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या व्हर्नवर वाढलेल्या माझ्या पिढीला त्याचं आकर्षण वाटणं साहजिक होतं. १९७५ मध्ये आर्थर राजाची कथा त्याने वेम्बलीला बर्फावर स्केटिंग करणाऱ्या नर्तकांसह सादर केली. सगळं मोठं होत गेलं आणि, माझं मत विचाराल तर, वाद्यं लहान होत गेली. 'येस'शीही त्याचं १९७४ मध्ये फाटलं. 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' या लांबलचक अल्बमच्या दौऱ्यात मँचेस्टरला तो इतका कंटाळला की भर मंचावर, की-बोर्डवरच ठेवून त्याने चिकन विंदालू, पापड आणि पराठा खाल्ला, असं तो स्वतः सांगतो. गोव्याच्या विंदालूचा प्रोग्रेसिव्ह रॉकच्या इतिहासात एवढाच काय तो प्रवेश.

राण्यांना त्यांचा राजवाडा मात्र उशिरा मिळाला. १९७३ मध्ये हॅम्प्टन कोर्ट या हेन्रीच्या राजवाड्यात कार्यक्रम करण्याची वेकमनची विनंती नाकारली गेली होती. हेन्रीच्या राज्यारोहणाला पाचशे वर्षं झाली तेव्हा, २००९ मध्ये, त्याच राजवाड्याने त्याला बोलावलं. १ आणि २ मे रोजी वाद्यवृंद आणि कोरससह सगळ्या रचना तिथे वाजल्या, नट ब्रायन ब्लेसेडने निवेदन केलं, आणि एलपीवर न मावलेली हेन्रीची रचनाही त्या वेळी बाहेर आली. तो सोहळा ध्वनिमुद्रित झालेला आहे, आणि तो भव्य आहे. मूळ अल्बम ऐकल्यावरच तो ऐकावा, आधी नको. वाद्यवृंदाने भरून टाकलेल्या जागांमध्ये मूळ अल्बममध्ये एकट्या मेलोट्रॉनची धाप ऐकू येते.

वाचकांना एकच विनंती. पहिल्यांदा ऐकताना राण्यांची माहिती बाजूला ठेवा आणि 'जेन सिमोर'पासून सुरुवात करा, शक्य तर खोलीभर घुमेल अशा स्पीकरवर. मग 'ॲन बोलिन', मग 'कॅथरीन हॉवर्ड'. प्रत्येक वेळी एवढंच ओळखायचा प्रयत्न करा की या क्षणी कोणतं वाद्य बोलतंय आणि कोणतं त्याला अडवतंय. 'ॲन ऑफ क्लीव्ह्ज' शेवटी ठेवा. ती पहिल्या फेरीत आवडली नाही तर पुढच्या पानांवरचं तिचं प्रकरण वाचा आणि मग माझ्याशी खुशाल भांडा.